प्रार्थनेचा वार चुकवू नका

आजचा शास्त्रभाग : लूक १८:१-८
सोबत वाचा : मत्तय २६:३६-४४, निर्गम १७:८-१३, २ करिंथ १२:७-९



आजचा दाखला आपल्या सगळ्यांना पाठ आहे. संडे स्कूलमध्ये असताना मी यात विधवा झालो होतो, डोक्यावरून आईची ओढणी घेऊन. न्यायाधीश झालेल्या मुलाने मला तीन वेळा हाकललं आणि चौथ्यांदा न्याय दिला. मंडळीने टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. त्या बाईची खरी ये-जा किती दिवस चालली असेल, हा विचार मात्र मनात कधी आला नाही. तो आला गेल्या दोन वर्षांत.

माझ्या पप्पांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे आमचे डायलिसिसचे वार. सकाळी सातला पहिल्या शिफ्टला नंबर असतो. आधी वजन करतात, मग हातातल्या फिस्टुलामध्ये दोन जाड सुया घालतात, आणि चार तास रक्त नळीतून बाहेर जातं, मशीनमधून फिरतं आणि स्वच्छ होऊन परत येतं. मग पुन्हा वजन. मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात पप्पा बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसतात, कारण ग्लासभर पाणी परवडत नाही. आईला मधुमेह आहे, त्यामुळे ती किडनी देऊ शकत नाही. माझी तपासणी झाली, माझीही चालत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. पप्पांचं नाव प्रतीक्षायादीत आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला की आमच्या घरात सगळे गप्प होतात. बहुतेक वेळा तो क्रेडिट कार्डवाल्यांचा असतो.

सुरुवातीला मी खूप प्रार्थना केली. रोज पहाटे, कधी उपास करून. मंडळीनेही साखळी प्रार्थना लावली. मग काय झालं ते प्रामाणिकपणे सांगतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक साधी पद्धत आहे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे काही मागितलं आणि उत्तर आलं नाही, तर तो पुन्हा मागतो, पण लगेच नाही. आधी एक सेकंद थांबतो, मग दोन, मग चार, मग आठ. दर वेळी अंतर दुप्पट होत जातं. ठरावीक प्रयत्न झाले की तो नाद सोडतो, लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. समोरच्या यंत्रावर ताण येऊ नये म्हणून ही पद्धत चांगलीच आहे. पण मी नकळत देवाशी असंच वागू लागलो. रोजची प्रार्थना आठवड्यातून दोनदा झाली. मग फक्त रविवारी. मग पप्पांचं बीपी डायलिसिसच्या मध्येच खाली गेलं की तेवढ्यापुरती. शेवटी तीही थांबली. देवाशी भांडण झालं नाही, विश्वास सोडला असंही नाही. चर्चला जात होतो, गीतं गात होतो. फक्त पप्पांसाठी मागणं बंद झालं होतं. चार महिने असे गेले.

त्या दिवसांत एका मंगळवारी सकाळी पप्पांचा फोन आला. मशीनचा आवाज मागे येत होता. मी ऑफिसच्या बसमध्ये होतो.

"बाळा, आज प्रार्थना केलीस का रे?"

मी म्हटलं, "हो पप्पा, केली."

ते म्हणाले, "बरं झालं. मला आज काही जमली नाही. मन लागेना. म्हटलं, जाऊ दे, तू केली असशील. आज तुझ्यावरच भागवतो."

फोन ठेवला. मी खोटं बोललो होतो, आणि माणूस त्या खोट्याच्या आधारावर चार तास सुया टोचून पडून होता. बसमध्ये मला घाम फुटला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी लूकचा १८ वा अध्याय उघडला, आणि पहिल्यांदा तो नाटकासारखा वाचला नाही.

१. विधवेजवळ दुसरं काहीच नव्हतं

येशू म्हणतो, एका शहरात एक न्यायाधीश होता, त्याला ना देवाचं भय, ना माणसाची भीड. त्याच शहरात एक विधवा होती. तिच्या बाजूने बोलायला घरचा पुरुष कोर्टात आल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. लाच द्यायला पैसा नाही. ओळख नाही. नियमशास्त्रात विधवेला संरक्षण होतं. तिचं वस्त्र गहाण घेऊ नये, असं अनुवाद २४:१७ मध्ये सांगितलं आहे. पण कायदा कागदावर असून भागत नाही, तो चालवणारा माणूस लागतो. आणि इथे माणूसच असा!

मग तिच्याकडे काय होतं? दोन पाय आणि एक वाक्य. माझ्या विरोधकाविरुद्ध मला न्याय द्या, एवढंच तिचं मागणं. ती वाक्य बदलत नाही, जास्त गोड बोलत नाही, रडण्याचं नाटकही करत नाही. ती येत राहते.

पाचव्या वचनात न्यायाधीश म्हणतो की ही बाई मला अगदी जेरीस आणेल. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं असा होतो. तो ठोसेबाजीतला शब्द आहे. पौलाने १ करिंथ ९:२७ मध्ये स्वतःच्या शरीराला ताब्यात ठेवण्याबद्दल हाच शब्द वापरला आहे. म्हणजे शहरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला सगळ्यात कमजोर बाईची धास्ती वाटते, आणि तिने हात उगारलेला नाही! तिने फक्त येणं थांबवलं नाही.

२. देव त्या न्यायाधीशासारखा नाही

इथे आपण पुष्कळदा चुकतो. आपण दाखल्याचा अर्थ असा घेतो की देवाच्या मागे लागा, त्याला कंटाळा आणा, मग तो देईल. पण प्रभू तुलना करत नाही, तो फरक दाखवतो. असा वाईट माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या निवडलेल्यांना देव न्याय देणार नाही का, असा त्याचा युक्तिवाद आहे. विधवा परकी होती, आपण लेकरं आहोत. तिला दाराबाहेर ताटकळावं लागलं, आपल्याला पुत्राने आत नेलं आहे.

मग प्रश्न उरतो की देव जर असा चांगला आहे, तर पुन्हा पुन्हा मागायचं कशाला? आणि आठव्या वचनात तर तो लवकर न्याय करील असं म्हटलं आहे. मग दोन वर्षं का?

मी याच ठिकाणी अडखळायचो. मग एक गोष्ट ध्यानात आली. हा दाखला १७ व्या अध्यायाच्या पाठोपाठ येतो. तिथे प्रभू आपल्या पुन्हा येण्याबद्दल बोलतो, शिष्य त्या दिवसाची आस धरतील आणि तो त्यांना दिसणार नाही असंही सांगतो. म्हणजे वाट पाहावी लागेल, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. न्याय येईल तेव्हा विनाविलंब येईल, पण तोवरचे दिवस लांब वाटतील. म्हणूनच लूक पहिल्याच वचनात दाखल्याचं कारण देतो : शिष्यांनी प्रार्थना करत राहावं आणि धीर सोडू नये. आणि शेवटी येशू वेळापत्रक देत नाही, उलट आपल्यालाच प्रश्न विचारतो. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय?

आपण विचारतो, देव उत्तर देईल का? प्रभू विचारतो, मी येईन तेव्हा तू दारात असशील का? विधवेचं ते परत परत येणं, त्यालाच तो विश्वास म्हणतो.

३. तीच प्रार्थना पुन्हा करणं म्हणजे अविश्वास नव्हे

काही जण म्हणतात, एकदा मागितलं की विश्वासाने सोडून द्यावं, पुन्हा मागितलं तर विश्वास नाही असं होतं. मत्तय ६:७ चा आधारही देतात. पण तिथे प्रभू पोकळ बडबडीविषयी बोलतो, जास्त शब्द वापरले की देव ऐकतो या समजुतीविषयी.

गेथशेमाने बागेत आपला प्रभू स्वतः तीन वेळा प्रार्थनेला गेला. मत्तय २६:४४ सांगतं की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारले. देवाच्या पुत्राने तीच विनंती पुन्हा केली, तर आपण लाजायचं कारण नाही.

पण नीट वाचा. पहिल्या वेळी (वचन ३९) तो म्हणतो की शक्य असेल तर हा प्याला टळावा. दुसऱ्या वेळी (वचन ४२) तो म्हणतो की हा प्याला प्यायल्याशिवाय टळणार नसेल, तर पित्याची इच्छा पूर्ण होवो. पित्यापुढे राहता राहता विनंतीचा भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला.

माझ्या बाबतीत याचा एक लहानसा अनुभव आहे. पुन्हा प्रार्थना सुरू केली तेव्हा मी सरळ म्हणायचो, प्रभू, पप्पांना किडनी मिळू दे. महिनाभर रोज तेच. मग एका पहाटे ते वाक्य तोंडातच अडकलं. यादीतून किडनी मिळणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. आमचा फोन वाजायचा तर आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात आकांत व्हायला हवा. कुणाचा तरी मुलगा बाइकवरून घरी परतलेला नसणार. मग मी नेमकं काय मागतोय? दोन दिवस मला प्रार्थना करता आली नाही. पण या वेळी मी पळालो नाही, गप्प का होईना, बसून राहिलो.

आता मी वेगळी प्रार्थना करतो. ज्या घरावर असा प्रसंग येईल, त्या घरासाठी आधी मागतो. त्यांना सांत्वन मिळो, आणि त्या दुःखात दुसऱ्याला जीवन देण्याचं मन त्यांना होवो. मग पप्पांसाठी मागतो. त्या घराचं नाव मला ठाऊक नाही, पण मी रोज त्यांच्यासाठी गुडघे टेकतो. एकदाच मागून सोडून दिलं असतं, तर ते घर मला कधी दिसलंच नसतं.

४. एकट्याने हात वर ठेवता येत नाहीत

त्या फोननंतरच्या गुरुवारी मी सुट्टी काढून पप्पांबरोबर गेलो. मशीन सुरू झाल्यावर त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. चार महिने प्रार्थना केली नाही, परवा खोटं बोललो, तुम्ही माझ्यावर भागवलं आणि माझ्याकडे काहीच नव्हतं.

पप्पा आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रागावले तर गाडीच्या बॉनेटखालून आवाज यायचा म्हणे. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग आता कर की. मी आहे इथे चार तास."

मी केली. फार वेळ नाही, आवाज फुटत नव्हता. शेजारच्या बेडवरच्या मावशींनी डोळे मिटून हात जोडले. त्या ख्रिस्ती नाहीत. शेवटी त्याही आमेन म्हणाल्या.

निर्गम १७ मध्ये अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले. अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. मोशेसारखा माणूस थकला, तर आपण कोण? थकण्यात पाप नाही. थकल्याचं लपवण्यात धोका आहे. पप्पांनी लपवलं नाही, आज जमलं नाही म्हणून सरळ सांगितलं. मी लपवलं.

पंडिता रमाबाईंचं केडगाव आपल्या पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच आहे. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठी बोलावलं. सुरुवातीला ७० जणी आल्या. महिन्यांमागून महिने गेले आणि संख्या ५५० पर्यंत गेली. दिवसातून दोनदा त्या जमायच्या. जूनअखेर तिथे जागृती आली, ती आजही सांगितली जाते. पण मला जास्त आधार मिळतो तो रमाबाईंच्या शेवटच्या वर्षातून. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, जिच्या हाती मुक्तीचं काम सोपवायचं होतं. रमाबाई स्वतः आजारी होत्या, कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. तरी साध्या मराठीत शास्त्र आणण्याचं काम त्यांनी खाली ठेवलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. जागृती पाहिलेली बाई आणि लेक पुरलेली बाई एकच होती. दोन्ही दिवशी ती त्याच दारात उभी होती.

५. उत्तर आलं नाही तर?

पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल तीन वेळा विनंती केली. काटा निघाला नाही. देवाने त्याला सांगितलं की माझी कृपा तुला पुरेल. हेही उत्तर आहे, पण ते पौलाला कळलं ते विचारत राहिल्यामुळे.

एका प्रार्थनासभेत कुणीतरी आम्हाला सांगितलं होतं की खरा विश्वास असेल तर डायलिसिस बंद करून दाखवा. आई रात्रभर रडली. प्रियांनो, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. विधवा न्यायासाठी कोर्टात गेली, घरी बसून राहिली नाही. डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नाही. औषध घ्या आणि प्रार्थनाही करा.

पप्पांना मी एकदा विचारलं, "कंटाळा येत नाही का हो? तेच तेच, आठवड्यातून तीनदा, आणि बरं तर काही होत नाही."

ते म्हणाले, "येतो ना. पण एक वार चुकला की अंगात पाणी साठतं. श्वास लागतो. हे बरं व्हायला नाही करत मी, जगायला करतो. किडनी येईल तेव्हा येईल. ती यायच्या दिवशी मी जिवंत पाहिजे ना!"

मला वाटतं, लूक १८ वर मी ऐकलेला हा सगळ्यात चांगला संदेश आहे. मशीनने आजार जात नाही. पण जी घाण रोज साठते ती काढून टाकली जाते, आणि माणूस पुढच्या वारापर्यंत जगतो. प्रार्थना न केलेल्या त्या चार महिन्यांत माझ्यातही साठत होतं. चिडचिड, ऑफिसात तोडून बोलणं, इतरांच्या धडधाकट वडिलांचा हेवा, आणि शेवटी पप्पांशी खोटं. परिस्थिती तीच होती, फक्त मला आतून श्वास लागला होता.

आजसाठी

तुमची अशी कुठली प्रार्थना आहे, जी तुम्ही हळूहळू बंद केली? दारू न सुटलेला भाऊ, लग्न न जमलेली मुलगी, मूल, नोकरी, कोर्टात अडकलेली जमीन? तिचं नाव एका कागदावर लिहा. आज तीच एक प्रार्थना करा, पाच मिनिटं. शब्द सुचले नाहीत तर स्तोत्र १३ उघडा, तिथे दावीद देवाला किती काळ, किती काळ असं विचारतो आणि देव त्याला हाकलत नाही. वार ठरवा. आणि एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला जमणार नाही, त्या दिवशी तुम्ही त्याच्यावर भागवू शकाल. आणि तुमच्यावर कुणी भागवत असेल, तर कृपा करून त्याला रिकामा हो देऊ नका.

हे लिहितोय तेव्हा शुक्रवारची रात्र आहे. यादीवाल्यांचा फोन अजून आलेला नाही. उद्या शनिवार, सकाळी सातची शिफ्ट. पप्पांनी पिशवी भरून दाराजवळ ठेवली आहे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू त्या न्यायाधीशासारखा नाहीस म्हणून तुझे आभार. आम्ही थकलो आहोत, हे तुझ्यापासून लपवत नाही. जी विनंती आम्ही मधेच सोडली, ती आज पुन्हा तुझ्यापुढे ठेवतो. आज डायलिसिसच्या खुर्चीत, आयसीयूच्या बाहेर, रिकाम्या घरात वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला धीर दे. ज्यांचे हात जड झाले आहेत, त्यांच्या शेजारी आम्हाला बसव. उत्तर दे, प्रभू. आणि ते येईपर्यंत आम्हाला तुझ्या दारात जिवंत ठेव. येशूच्या नावात मागतो. आमेन.